टाळेबंदीचा ताळेबंद : साथीचे निर्बंध आणि उपजीविकेची हानी यांचा एक अभ्यास



वार्षिक अहवालाच्या या पानांवर बहुधा आमचे डॉक्टर मधुमेह, रक्तदाब, प्रसूतिपूर्व काळजी अशा विषयांवर लिहीत असतात. यंदाचा विषय निम्मा वैद्यकाचा आणि निम्मा जमाखर्चाचा असल्याने ही जबाबदारी प्रशासन विभागाकडे आली. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे पुढील विवेचनात जंतूंपेक्षा खतावणीच अधिक आढळेल, हे आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील टाळेबंदी योग्य होती काय, तिच्यामुळे वाचलेले जीव आणि बुडालेला रोजगार यांत कोणते पारडे जड भरते, असा प्रश्न आमच्या कार्यालयात आजही विचारला जातो. खुलताबादेत हा प्रश्न केवळ चर्चेपुरता नाही. आमचा तालुका शेतीबरोबरच वाटसरूंवर जगतो. वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, जरजरी जर बक्ष यांचा दर्गा, औरंगजेबाची कबर, म्हैसमाळचे पठार या स्थळांकडे येणाऱ्या माणसांच्या पावलांवर नारळ-फुलांची दुकाने, चादर-शिरणीचे विक्रेते, चहाचे गाडे, जीपगाड्या, मार्गदर्शक आणि लहानसहान निवासगृहे चालतात. मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली, ती डिसेंबरात उघडली. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि घटस्थापनेच्या दिवशी, ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. याचा सरळ अर्थ असा की दोन हनुमान जयंत्या आणि दोन श्रावण महिने भद्रा मारुतीच्या वाटेवर पदयात्रेकरूच नव्हते. २०२० चा उरूसही बाजाराविना गेला. ज्याची वर्षाची कमाई अशा मोजक्या दिवसांवर असते, त्याच्या दृष्टीने दोन हंगाम बुडणे म्हणजे उत्पन्नातील घट नव्हे, तर भांडवलच संपणे होय.

तथापि हे सारे नुकसान टाळेबंदीच्या खात्यावर टाकण्यापूर्वी थांबले पाहिजे. हिशेबशास्त्रात कोणत्याही निर्णयाचा खर्च मोजताना त्या निर्णयामुळे जो जादा खर्च पडला तेवढाच धरतात. निर्णय घेतला नसता तरी जे गमवावे लागले असते, ते त्या निर्णयाच्या नावे लिहिता येत नाही. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा : शासनाने टाळेबंदी केलीच नसती तर बाजार नेहमीसारखा चालला असता काय?

याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात मिळते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सगळ्या शहराने घरात बसावे असा हुकूम कोणी काढला नव्हता. तरीही फेब्रुवारी १८९७ पर्यंत सव्वाआठ लाखांच्या त्या नगरीतील जवळजवळ निम्मी माणसे गावोगाव निघून गेल्याचा अंदाज तत्कालीन अधिकाऱ्यांनी नोंदविला. गिरण्यांना हात मिळेनात. महिन्याच्या पगाराची वहिवाट मोडून रोजच्या रोज मजुरी देण्याची पाळी मालकांवर आली आणि नाक्यानाक्यावर जादा दराची बोली करून कामगार पळविले जाऊ लागले. म्हणजे हुकमाविनाही व्यवहार ठप्प झाला.

दुसरे उदाहरण आमच्या मराठवाड्याचे आहे. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि त्यापाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली. साऱ्या देशात मिळून मृत्यू पन्नासच्या आसपास होते. परंतु सुरतेतून काही लाख माणसे आठवड्याभरात बाहेर पडली, हिरे आणि कापडाचे कारखाने ओस पडले, अनेक देशांनी भारताची विमाने आणि माल नाकारला. जागतिक आरोग्य संघटनेने अशा बंदीची शिफारस केली नसतानाही हे घडले. देशाचे नुकसान अब्जावधी रुपयांच्या घरात गेले. हे सर्व भीतीचे मोल होते, टाळेबंदीचे नव्हे.

कोरोनाच्या काळात या भीतीची मोजदादही झाली. डेन्मार्कने २०२० च्या वसंतात व्यवहार बंद केले, शेजारच्या स्वीडनने बव्हंशी चालू ठेवले. अर्थशास्त्रज्ञांनी बँकेतील व्यवहारांवरून दोन्हीकडील खर्चाची तुलना केली, तेव्हा स्वीडनमध्ये खर्च सुमारे २५ टक्क्यांनी आणि डेन्मार्कमध्ये सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. बंदीचा खास खर्च तेवढा ४ टक्के. अमेरिकेत गूल्सबी व सिव्हर्सन या अभ्यासकांनी भ्रमणध्वनीच्या नोंदींवरून दुकानांतील वर्दळ मोजली. ती एकूण ६० टक्क्यांनी कमी झाली होती, पण त्यांपैकी कायदेशीर बंदीमुळे घडलेली घट अवघी ७ टक्क्यांची होती. उरलेली माणसे आपण होऊनच घरी बसली होती.

एवढे वाचून टाळेबंदीचे समर्थक समाधानाने मान डोलावतील. येथे मात्र आमच्या तालुक्याने हरकत घेतली पाहिजे. डेन्मार्कचा नागरिक घरी बसला तरी त्याचे वेतन चालू राहते. वेरूळच्या वाटेवर फुलांची परडी घेऊन बसणाऱ्या बाईस भीती परवडत नाही. साथ असो वा नसो, तिला रोज बाहेर पडावेच लागते. स्वखुशीने घरी बसण्याचे प्रमाण गरीब देशांत कमी असते, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ऑक्टोबर २०२० च्या अहवालातही दिसून आले. सबब आपल्याकडे हुकमाचा वाटा युरोपापेक्षा मोठा धरणेच न्याय्य आहे. त्यातही यात्रेकरू आणि पर्यटक ही माणसे घाबरून आपोआप थांबणारी, तर स्थानिक गिऱ्हाईक थांबवावे लागणारे. म्हणजे एकाच गल्लीतील दोन दुकानांच्या नुकसानीचे कारण वेगवेगळे असू शकते.

आता खर्चाची बाजू. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद झाला. मुळात २१ दिवसांची असलेली ती टाळेबंदी तीनदा वाढून ३१ मेपर्यंत चालली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पन्न मागील वर्षाच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी आक्रसले. शेतीचे क्षेत्र तेवढे साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढले. आमच्या भागातील आले आणि मका पिकविणाऱ्या शेतकऱ्याला मात्र ही वाढ कागदावरचीच वाटली असणार, कारण शेतात पीक असूनही बाजार समिती कधी उघडेल आणि वाहन कधी मिळेल याचा नेम नव्हता.

सरासरीच्या आकड्यात माणूस दिसत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे, आपल्या जिल्ह्यातील करमाड आणि जालना जिल्ह्यातील बदनापूर यांच्या दरम्यान लोहमार्गावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे हे मध्य प्रदेशातील लोक गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. रेल्वे बंद आहे असे समजून ते रुळांवर विसावले होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. या सोळांची नोंद साथीच्या मृत्यूंत नाही आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांतही नाही. ताळेबंदात त्यांना जागा द्यावयाची तर ती टाळेबंदीच्या खर्चाकडेच द्यावी लागेल. त्यातही टाळेबंदी केली म्हणून नव्हे, तर चार तासांची सूचना देऊन आणि परतीची सोय न करता केली म्हणून.

जमेच्या बाजूस काय आहे? एकच वस्तू, ती म्हणजे वेळ. टाळेबंदी रोग बरा करीत नाही, ती रोगाची चाल मंद करते. गणित सोपे आहे. आज १०० रुग्ण आहेत आणि दर ७ दिवसांनी संख्या दुप्पट होते असे धरले, तर ४ आठवड्यांनी १,६०० रुग्ण होतात. तीच दुप्पट होण्यास १४ दिवस लागले, तर ४ आठवड्यांनी ४०० होतात. रुग्णालयात खाटा ५०० असतील, तर पहिल्या प्रकारात अकराशे माणसे दाराबाहेर राहतात आणि दुसऱ्यात सर्वांना खाट मिळते. रोग तोच, औषध तेच, मृत्यूंचा आकडा मात्र निराळा. २०२१ च्या एप्रिलमध्ये प्राणवायूच्या टाकीसाठी धावपळ केलेल्या कुटुंबांस हे गणित अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु विकत घेतलेला वेळ हा कच्च्या मालासारखा असतो. त्याचा उपयोग केला तरच त्याचे मूल्य. मार्च २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातील नमुने तपासणीसाठी पुण्याला पाठवावे लागत. व्यक्तिसंरक्षक पोशाख दुर्मिळ होते, आणि या रोगाशी गाठ पडल्यावर काय करावे व काय करू नये हे जगातील कोणाही डॉक्टरास नीट ठाऊक नव्हते. पुढील काही महिन्यांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पोशाख देशात तयार होऊ लागले, स्टेरॉइडचा नेमका उपयोग जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने सिद्ध केला. हा त्या वेळेचा सदुपयोग. मात्र दोन लाटांच्या मधल्या काळात, २०२० च्या हिवाळ्यात, साथ ओसरली असे समजून तात्पुरती केंद्रे अनेक ठिकाणी गुंडाळण्यात आली, प्राणवायूच्या साठ्याची वाढ रेंगाळली. ज्या वेळेसाठी एवढी किंमत मोजली, त्यातील काही भाग असा वाया गेला असे माझे मत आहे.

वेळेचे मूल्य सदैव सारखेही नसते. एप्रिल २०२० मध्ये लस नव्हती, त्यामुळे लांबणीवर पडलेला संसर्ग पुढे कधीतरी होणारच होता. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालेले होते आणि १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना ती खुली होती. त्या वेळी आठवडाभर टळलेला संसर्ग हा पुष्कळदा कायमचा टळलेला संसर्ग होता. आपल्या जिल्ह्यात मात्र नेमके उलटे घडले. १० ते १८ जुलै २०२० या काळात शहरात कडक टाळेबंदी पाळली गेली. ११ मार्च २०२१ पासून अंशतः निर्बंध आणि शनिवार-रविवार पूर्ण बंद होता. रुग्ण वाढतच असल्याने ३० मार्च ते ८ एप्रिल अशी पूर्ण टाळेबंदी जाहीर झाली, पण व्यापारी, लोकप्रतिनिधी आणि हातावर पोट असलेल्या जनतेच्या विरोधामुळे ती ऐनवेळी स्थगित झाली. विरोध करणाऱ्यांस दोष देणे सोपे आहे. वर्षभरात गाठीचा पैसा संपलेला माणूस दुसऱ्यांदा तोच त्याग करू शकत नव्हता, हे कारण अधिक खरे. पहिल्या वर्षी, वेळेचे मूल्य कमी असताना, लोकांची सहनशक्ती आपण पुष्कळ खर्च केली. दुसऱ्या वर्षी मूल्य वाढले तेव्हा ती शिल्लक नव्हती.

अखेर १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यभर निर्बंध आले. १८ एप्रिल रोजी राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, ३१ मे रोजी हा आकडा १५ हजारांवर उतरला. उतरंडीचे सारे श्रेय निर्बंधांना देता येणार नाही. लाटा आपल्या गतीनेही ओसरतात आणि भयभीत माणसे स्वतःच सावध होतात. जूनपासून मात्र शासनाने जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले. तपासणीत बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या खाटांची व्याप्ती या दोन मोजमापांवर निर्बंध ठरू लागले. हिशेबनिसाच्या नजरेने पाहता ही सर्वांत शहाणी पद्धत होती. दुकानदाराला निदान कोणत्या आकड्यावर शटर उघडेल हे कळत होते. ती वर्षभर आधी का सुचली नाही, असा प्रश्न पडतो, पण मार्च २०२० मध्ये ही दोन्ही मोजमापे घेण्याची यंत्रणाच अपुरी होती, हेही लक्षात घ्यावे.

आता आरोग्याचे नुकसान साथीच्या बाजूला आणि पैशाचे नुकसान टाळेबंदीच्या बाजूला, अशी जी सोयीची वाटणी केली जाते, तिच्याविषयी रुग्णालयाच्या अनुभवावरून बोलणे अगत्याचे आहे. ती वाटणी खरी नाही. टाळेबंदीनेही आजार वाढविले. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षयरोग एका वर्षात चतुर्थांशाने घटत नसतो. ते सहा लाख रुग्ण घरीच खोकत राहिले. राजस्थानात डायलिसिसच्या रुग्णांची पाहणी झाली, त्यात ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या उपचारांत खंड पडल्याचे आढळले. कोठे वाहन नव्हते, कोठे रुग्णालयच कोरोनासाठी राखीव झाले होते. आपल्या तालुक्यातून शहरात जाण्याची एस. टी. बंद पडते, तेव्हा किडनीच्या, कर्करोगाच्या आणि बाळंतपणाच्या रुग्णांना काय भोगावे लागते, हे येथील नातेवाईकांस सांगावयास नको. आमच्या बाह्यरुग्ण विभागातही निर्बंध उठल्यानंतर आलेले मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण पूर्वीपेक्षा बिघडलेल्या अवस्थेत आले, असे डॉक्टर सांगतात.

शाळांचे नुकसान तर पुढील तीस-चाळीस वर्षे फेडावे लागणारे कर्ज आहे. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७ टक्के होती, ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ती २० टक्क्यांच्या आसपास उरली. बाजारपेठा उघडल्यावरही शाळा बंद राहिल्या, हा निर्णय मला आजही उलगडलेला नाही.

सक्तीची आणखी एक किंमत पुण्याने १८९७ मध्ये मोजली. त्या वर्षी ४ फेब्रुवारीस साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये राज्याने प्रथम आधार घेतला तो याच कायद्याचा. त्याच्या बळावर वॉल्टर रँड यांच्या देखरेखीखाली सैनिकांनी घरे तपासली, सामान जाळले, रुग्णांना बळाने हलविले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले आणि जी साथ उजेडात आणावयाची ती अंधारात गेली. जूनमध्ये रँड यांची हत्या झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना आपल्या पुत्राच्या, डॉ. यशवंत यांच्या उपचारकेंद्रात पोहोचवीत होत्या आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेथे रुग्ण विश्वासाने जात होते. २०२० मध्येही दारावर फलक लागेल, घरच्यांना विलगीकरणात नेतील या धास्तीने कित्येक रुग्ण उशिरा आले. प्राणवायूची पातळी खालावल्यावर आलेल्या रुग्णावरील खर्च कितीतरी अधिक आणि जगण्याची आशा कितीतरी कमी असते.

राहिला प्रश्न भरपाईचा. टाळेबंदी सर्वांच्या हिताची असेल तर तिचा खर्चही सर्वांनी वाटून घ्यावयास हवा. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांसोबत राज्य शासनाने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात सात कोटी लोकांना मोफत धान्य, तर नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम कामगार आणि परवानाधारक रिक्षाचालक यांस प्रत्येकी १,५०० रुपये होते. २०२० पेक्षा हे पाऊल निश्चितच पुढचे. परंतु निर्बंध मूळ पंधरवड्याऐवजी ३१ मेपर्यंत म्हणजे ४८ दिवस चालले. १,५०० रुपये ४८ दिवसांवर विभागले तर दिवसाला ३१ रुपये पडतात. आणि ते ‘नोंदणीकृत’ व्यक्तीस. आमच्या रस्त्यावर परडी घेऊन बसणाऱ्यांपैकी कितीजणांची फेरीवाला म्हणून नोंद असेल, याचा वाचकांनीच अंदाज करावा.

याच न्यायाने धर्मादाय रुग्णालयाच्या जमाखर्चातील एक विसंगती देणगीदारांच्या निदर्शनास आणणे आवश्यक वाटते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. सामान्य काळात ही व्यवस्था उत्तम चालते. टाळेबंदीत नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या, बाह्यरुग्ण घटले, देयके कमी झाली आणि त्याच प्रमाणात निर्धन रुग्ण निधीची जमाही घटली. ज्या महिन्यांत निर्धनांची संख्या वाढते, नेमक्या त्याच महिन्यांत निर्धनांचा निधी आटतो, असा हा उलटा व्यवहार आहे. शिवाय निर्धनतेचा दाखला मागील उत्पन्नावर मिळतो. गतवर्षी कमावता असलेला आणि यंदा दुकान गमावलेला माणूस कागदोपत्री निर्धन ठरतच नाही. मे २०२० मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातील सर्व रहिवाशांस खुली झाली, त्यामुळे काही भार हलका झाला. परंतु योजनेबाहेरील औषधे, तपासण्या आणि रुग्णासोबत थांबणाऱ्यांचे जेवण यांचा खर्च कुटुंबाच्याच अंगावर राहतो.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे पुढील प्रस्ताव ठेवला आहे. चांगल्या वर्षांतील देणग्यांचा एक निश्चित हिस्सा ‘साथकालीन राखीव’ म्हणून वेगळ्या मुदतठेवीत ठेवावा आणि मासिक देयके ठरावीक पातळीखाली उतरली की तो निर्धन रुग्ण निधीकडे आपोआप वळावा, त्यासाठी पुन्हा सभा बोलविण्याची गरज राहू नये. या राखीवेतून साहाय्य देताना जुन्या दाखल्याऐवजी ग्रामपंचायतीचे किंवा नगर परिषदेचे चालू स्थितीविषयीचे पत्र पुरेसे मानावे. डायलिसिस, क्षयरोग, प्रसूती आणि बालकांचे लसीकरण हे चार विभाग कोणत्याही निर्बंधात बंद होणार नाहीत आणि त्या रुग्णांसाठी रुग्णालयाचे एक वाहन राखीव राहील. दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांस अशा काळात एका महिन्याऐवजी दोन महिन्यांची औषधे एकदम द्यावीत. या चारही बाबींचा अंदाजित खर्च स्वतंत्र शीर्षाखाली अंदाजपत्रकात दाखविला आहे. ज्या देणगीदारांना आपली देणगी याच कारणासाठी वापरली जावी असे वाटते, त्यांनी पावती घेताना ‘साथकालीन राखीव’ असा उल्लेख करवून घ्यावा. तशी रक्कम अन्य कोणत्याही खात्यात वळविली जाणार नाही.